भोंग्याचं लोकार्पण

"लाल नको," मुख्याधिकारी तांबोळी म्हणाले. "लाल त्या युनियनवाल्यांचा."

मी खुर्चीवर उभी राहून थर्मोकोलच्या खांबातून बटणाची वायर ओवत होते. खांबाला झेंडूच्या माळा, वर मखर, मखरात बटण. गणपतीच्या आराशीतून उरलेलं सामान नगरपालिकेनं आमच्या कामाला लावलं होतं.

"मग हिरवं लावू? हिरवं म्हणजे चालू, असं सगळीकडे असतं."

"मॅडम, तुमच्या पुण्यात असेल. इथे रंग चालू-बंद नसतो. इथे रंग कुणाचा तरी असतो."

भगवं, निळं, पिवळं, प्रत्येकाचा कुणीतरी मालक निघाला. पांढरं म्हटलं तर तांबोळी म्हणाले, मंगल कार्याला पांढरं कसं दिसेल. शेवटी जांभळ्यावर एकमत झालं. जांभळा रंग त्या तालुक्यात अजून कुणी घेतलेला नव्हता. मी खाली उतरले, बॅगेतून बटणांची पिशवी काढली आणि मनातल्या मनात ब्लॉगचं पुढचं टिपण लिहून टाकलं.

तेव्हा ब्लॉग लिहायची टूम होती आणि माझाही एक होता. राजकारण, संगणक आणि पेपरातल्या चमत्कारिक बातम्या, एवढ्यावर तो चालायचा. झाड तोडल्याबद्दल मेलेल्या माणसाला आलेली नोटीस, स्मशानभूमीच्या उद्घाटनाला वाटलेले पेढे, कात्री सापडेना म्हणून दातांनी फीत तोडणारे सभापती. मी कात्रणं टाकायची आणि खाली दोन तिरकस ओळी लिहायची. वाचक शंभरेक, बहुतेक माझ्यासारखेच, ऑफिसात बसून दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढून कंटाळलेले. देशाचं काही होणार नाही याबद्दल आमचं सगळ्यांचं एकमत होतं आणि त्या एकमतात आम्ही मजेत होतो.

कुरुंबीला मी आले ती कामासाठी. गावाला तीन बाजूंनी नदीचा वळसा. दर दोन-तीन वर्षांनी पूर. आमच्या पुण्याच्या छोट्या कंपनीनं नगरपालिकेला एक यंत्रणा करून दिली होती. वरच्या पुलाला पाण्याची उंची मोजणारं यंत्र लावायचं, त्याचे आकडे नगरपालिकेतल्या संगणकावर यायचे, आणि पाणी खुणेच्या वर गेलं की टाकीवरचा भोंगा आपोआप वाजायचा. पुलापासून गावापर्यंत यायला पाण्याला तास-दोन तास लागतात, म्हणजे तेवढा वेळ लोकांच्या हातात. त्याचा प्रोग्रॅम माझा. अवघड काही नव्हतं. इतकी वर्षं लोकांचे पगार आणि विजेची बिलं काढणारे प्रोग्रॅम लिहिले होते, त्यामानानं हा सोपाच.

"आणखी एक," तांबोळी म्हणाले. भला माणूस, पण बोलताना नेहमी दाराकडे बघायचा. "लोकार्पण होईपर्यंत भोंगा वाजता कामा नये. नगराध्यक्षांचा निरोप आहे."

"आणि पाणी आलं तर?"

"त्याच्या आधी मंत्री येतील."

मंत्री येणार होते हे खरं, पण ते कधीपासून येणारच होते. एकदा पक्षाची बैठक निघाली, एकदा कुणीतरी वारलं, एकदा हेलिकॉप्टर उडेना. यंत्रणा तयार, भोंगा तयार, जांभळं बटण मखरात. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: लोकार्पण झालं असेल तरच भोंगा वाजव. आयुष्यात हजारो ओळी लिहिल्या, पण इतकी अस्सल देशी ओळ दुसरी नाही. तीही ब्लॉगवर टाकायची ठरवली.

दुपारी जेवायला मी गजराआक्काकडे जायची. कुंभार गल्ली ही गावातली सगळ्यात खालची गल्ली, नदीला पाठ लावून बसलेली. आक्का तिथे दोन म्हशी राखायची आणि बाहेरगावच्या माणसांना जेवण घालायची. मुलगा कामासाठी बाहेरगावी. नवरा आण्णा, अर्धांगानं बाजेवर. बोलणं जवळजवळ गेलेलं, पण मी आले की डोळ्यांनी "बस" म्हणायचे.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "तुजा भोंगा वाजल्यावर किती येळ घावतोय?"

"तासभर तर नक्की."

"बास झालं. मला तेवढाच लागतोय."

मागच्या पुरात तिला कळलं तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलेलं होतं. आण्णांना चौघांनी उचलून माळ्यावर टाकलं आणि पाणी उतरेपर्यंत ती दोघं तिथेच राहिली, कौलं काढून आभाळ बघत. एक म्हैस गेली. त्यानंतर आक्कानं सगळं ठरवून ठेवलं होतं. दाराशी हातगाडी. भोंगा वाजला की गादी हातगाडीवर, आण्णा गादीवर, म्हशींची दावी सोडायची आणि चढ चढून हायस्कूलचं ग्राउंड गाठायचं. शेजारच्या पोरांना घेऊन तिनं एकदा हे करूनही बघितलं होतं. आण्णांना त्यात फार मजा आली, असं ती सांगायची.

"पण आक्का, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचंय अजून," मी म्हणाले. "तोवर तो वाजायचा नाही म्हणतात."

तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली. "मंत्री मंत्र्याच्या जागी. पाणी आल्यावर वाजंलच की."

मी मान हलवली.

मंत्री परवा नक्की, असं पुन्हा एकदा ठरलं त्या दिवशी नदीवरच्या धरणाचे दरवाजे उघडले. गावात पाऊस भुरभुरता होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. दुपारी मी नगरपालिकेत बसून सोहळ्याच्या चित्रफितीत फटाके घालत होते. मंत्र्यांनी बटण दाबलं की पडद्यावर फटाके उडावेत अशी मागणी होती. आकडे शेजारच्या खिडकीत सरकत होते. बघता बघता पुलावरचं पाणी खुणेच्या वर गेलं आणि पडद्यावर मीच लिहिलेलं वाक्य उमटलं: भोंगा वाजवणे आवश्यक. परवानगी नाही.

तांबोळी समोरच होते. त्यांनी वाचलं आणि लगेच नगराध्यक्षांना फोन लावला. नगराध्यक्ष मारुतराव बेडगे. त्यांचा आवाज फोनच्या बाहेरही नीट ऐकू यायचा.

"आज वाजवला तर परवा सायबांनी काय दाबायचं? माझं टाळकं?"

"पाणी येतंय साहेब. कुंभार गल्लीपर्यंत नक्की येईल."

"मग रिक्षा फिरवा की. स्पीकर लावून सांगा."

"रिक्षा सोहळ्याच्या प्रचाराला खेड्यांवर गेल्यात साहेब. दोन्ही."

मग बेडगे म्हणाले, "बघा, काय मार्ग निघतोय का. पण भोंगा न्हाई." आणि फोन बंद.

तांबोळींनी माझ्याकडे बघितलं. मी संगणकाकडे वळले आणि ती ओळ शोधून काढली. शोधायची काय, मला ती पाठच होती.

"मॅडम," तांबोळी उठत म्हणाले, "मी जरा चहाचं सांगून येतो." चहा सांगायला मुख्याधिकारी कधी उठत नाहीत. ते बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. मी ओळ पुसली.

भोंगा इतका मोठा असेल असं मलाही वाटलं नव्हतं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाजारातली माणसं होती तिथे थांबली, एकमेकांकडे बघितलं आणि मग खालच्या गल्ल्यांकडे धावली, आपापल्या माणसांना आणायला. मी पळत हायस्कूलच्या चढावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं हातगाडी दिसली. पुढे आक्का ओढतेय, मागून दोन पोरं ढकलतायत, गाडीवर आण्णा, त्यांच्या मांडीवर देव आणि रेडिओ. म्हशी त्यांच्या आधीच वर पोचल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत कुंभार गल्लीत दाराच्या चौकटी बुडाल्या. माणूस एकही अडकलं नाही, जनावरही नाही.

शाळेच्या व्हरांड्यात आक्कानं चूल मांडली होती. मला बघून म्हणाली, "वाजला बघ तुजा भोंगा." मला रडू आलं, सांगायला लाज कसली. तोवर माझ्या कामानं कधी कुणाची बाज हलली नव्हती. बिलं निघाली होती, पगार निघाले होते, पण मी लिहिलेलं काही ऐकून कुणी आपल्या नवऱ्याला चढ चढवून आणलं नव्हतं. त्या दिवशी मी देशाबद्दल काहीही वाईट बोलले नाही.

पाणी उतरलं आणि बेडग्यांनी मला बोलावलं. चिडतील असं वाटलं होतं, पण माणूस शांत होता. पेढा दिला.

"त्या दिवशी वाजला त्यो भोंगा न्हवता, मॅडम. ती चाचणी होती. लिवलंय तसं आम्ही. भोंगा आजून वाजायचाय."

"बरं."

"मंत्री येत्यात गुरुवारी. आता मात्र वाजला पाहिजे. पुरता. मागच्या टायमाला वाजला तेवढा."

"नुसता दिवा लावू या ना. फटाके आहेत पडद्यावर. भोंगा वाजवला तर लोक पळतील."

"कशाला पळतील? ऊन पडलंय. आन रिक्षा फिरवतोय की आपण."

रिक्षा फिरली खरी. मी ऐकली. "भव्य दिव्य लोकार्पण सोहळा", मंत्र्यांची सगळी विशेषणं, "बहुसंख्येने उपस्थित राहून शोभा वाढवावी". त्या वेळी भोंगा वाजेल, घाबरू नका, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं. मी तांबोळींना घालायला सांगितलं. त्यांनीही प्रयत्न केला. पण जाहिरात जिल्ह्याच्या गावी संगीतासकट ध्वनिमुद्रित करून आणलेली, त्यात आता बोट घालायला जागा नव्हती. रिक्षावाल्याला तोंडानं सांगायला सांगितलं तर म्हणाला, माझा घसा बसतो, म्हणून तर सीडी दिलीय. मग मी स्वतःच कुंभार गल्लीत जाऊन दारोदार सांगायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी निघालेही. तोच तांबोळी धापा टाकत आले. मंत्री त्यांच्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच वेळेआधी आले होते.

मांडव हायस्कूलच्या ग्राउंडवर. गावात तेवढीच उंच आणि सपाट जागा. खुर्च्या भरपूर, माणसं थोडी, कारण वेळ सगळ्यांना दुपारची सांगितली होती. बेडगे घामाघूम. मंत्र्यांचं रिकाम्या खुर्च्यांवरून फिरणारं तोंड ते चोरून बघत होते. मी व्यासपीठाच्या मागे संगणकापाशी, दोन्ही बाजूंना कार्यकर्ते. हलायला वाव नाही. बटण दाबल्यावर फटाके उडाले नाहीत तर कुणाला धरायचं, याची ती तजवीज होती.

मंत्र्यांनी जांभळं बटण दाबलं. पडद्यावर फटाके उडाले. टाकीवर भोंगा सुरू झाला. मंडळी टाळ्या वाजवू लागली.

टाळ्या संपल्या, भोंगा चालूच होता. मी कुंभार गल्लीच्या बाजूच्या चढाकडे बघत होते. पहिल्यांदा दोन बायका दिसल्या, कडेवर पोरं. त्यांच्या मागे माणसांची रांग, मग घोळका, डोक्यावर गाठोडी, हातात कळशा, कोंबड्या. सगळे थेट ग्राउंडवर, कारण पुरात जायची जागा तीच.

बेडग्यांनी माईक हिसकावून घेतला. "बघा सायेब. भोंगा ऐकून जनता कशी लोटलीय बघा."

मंत्री उठले. गर्दी खरोखरच लोटली होती. त्यांनी दोन्ही हात जोडले, मग एक हात वर करून हलवला. फोटोग्राफर पुढे धावले. बँडवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, त्यांनी वाजवायला घेतलं. लोक मांडवाच्या कडेला येऊन थबकले आणि दम खात एकदा मंत्र्यांकडे, एकदा खाली नदीकडे बघू लागले. मग म्हशी आल्या आणि पहिल्या रांगेतले मान्यवर उठून उभे राहिले.

शेवटी हातगाडी. या वेळी मागून ढकलायला पोरं नव्हती, ती शाळेत होती. आक्कानं एकटीनं ती चढावर आणली होती. पाय अनवाणी, पदर कमरेला, तोंड लालबुंद. आण्णा गाडीच्या कडेला घसरलेले, एक हात खाली लोंबतोय. एका कार्यकर्त्यानं पुढे होऊन आण्णांच्या छातीवर गुलाबाचं फूल ठेवलं. आलेल्या प्रत्येकाला द्यायचं असं त्याला सांगितलेलं होतं.

मी वाट काढत तिच्यापर्यंत पोचले. आम्ही दोघींनी आण्णांना नीट केलं.

"पाणी कुठवर आलं?" तिनं विचारलं.

"आलं नाही, आक्का."

"येणार हाय?"

"नाही. हा उद्घाटनाचा होता."

तिनं मांडवाकडे बघितलं. माळा, मखर, जांभळं बटण, माईकवर बोलणारे बेडगे. ती ओरडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं आण्णांच्या छातीवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"खरं वाजलं का असंच वाजलं, ते आमी कसं वळखायचं गं?"

यंत्रणेची मला पुरती माहिती होती. कुठली वायर कुठे जाते, कुठला आकडा कुठून येतो. आक्काच्या प्रश्नाला त्यात कुठेच उत्तर नव्हतं.

तिनं कमरेच्या पिशवीतून छोटा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "तुजा नंबर घाल ह्यात."

दुसऱ्या दिवशी पेपरात पान पाचवर, 'अजब-गजब' सदरात सहा ओळींची बातमी होती. मंत्र्यांचा भोंगा, गावकरी म्हशींसह हजर. ब्लॉगच्या वाचकांपैकी तिघांनी मला तिचं कात्रण पाठवलं. खास तुझ्या खात्यातली, म्हणाले. मी लिहायला बसलेही. जांभळं बटण, लोकार्पणाची ओळ, बँड, गुलाबाचं फूल, सगळा मालमसाला हाताशी. पण आक्काचं ते पुसणं त्यात बसेना, आणि ते गाळलं की बाकीचं फारच विनोदी व्हायला लागलं. मी संगणक बंद केला. पुढे ब्लॉग आपोआप बंद पडला. कुणी विचारलंही नाही.

भोंगा मात्र बंद पडला नाही. पंधरा ऑगस्टला वाजला. बेडग्यांच्या वाढदिवसाला वाजला. एकदा टाकीवर चढलेल्या माकडांनी वाजवला. आणि प्रत्येक वेळी माझा फोन.

"पोरी, वाजलाय. खरा का?"

मी ती कंपनी सोडली, नंतर दुसरीही सोडली. त्या संगणकाशी माझा काडीचा संबंध उरला नाही. पण धरणातून किती पाणी सोडलं ते सरकारी संकेतस्थळावर दिसतं, पुलाजवळच्या चौकीचा नंबर माझ्याकडे आहे. बघायचं, विचारायचं आणि सांगायचं, "बसा" किंवा "निघा". बहुतेक वेळा "बसा". आण्णा गेले त्यानंतरही फोन येत राहिले. आता गल्लीला सांगावं लागतंय, आक्का म्हणायची. भोंगा वाजला की गल्ली घराबाहेर येऊन तिच्या दाराकडे बघत उभी राहायची म्हणे, आणि ती मला फोन लावायची. एवढी वायर, एवढे आकडे, आणि शेवटी यंत्रणा म्हणजे दोन बायका.

पावसाळ्यात माझा फोन मीटिंगमध्ये टेबलावर उताणा असतो. हाताखालची मुलं हसतात. ड्यूटीवर आहात का मॅडम, विचारतात. हो म्हणते.

गेल्या वर्षी अशीच एक मीटिंग होती. एक हुशार मुलगा पडद्यावर दाखवत होता की यंत्रं आता सगळंच आधी ओळखतात, मतं कुणाला पडणार तेही, पूर कधी येणार तेही. मी कंटाळले होते. हल्ली मी लवकर कंटाळते. फोन थरथरला. आक्काचा नंबर. मी बाहेर जिन्यात आले.

"विदुलाताई का?" आवाज आक्काचा नव्हता. मागे भोंगा वाजत होता. "मी गजराआक्कांची सून, सुरेखा. आक्का गेल्या हो. चैतात."

चैत्र होऊन पाच महिने झाले होते. या मोसमात फोन आला नाही तेव्हा मी मनात म्हटलं होतं, यंदा पाऊस कमी दिसतोय.

"मोबाइल माझ्याकडं देऊन गेल्या. म्हणाल्या, भोंगा वाजला की ह्या बाईला विचारायचं, ती सांगती. वाजतोय बघा. सगळी गल्ली दारात उभी हाय, माझ्याकडं बघत. खरा का हो?"

"थांब जरा." मी फोन कानाला तसाच धरून खिशातल्या दुसऱ्या फोनवर धरणाचं पान उघडलं. आकडा बघितला. पुन्हा बघितला. चौकीला विचारायची गरज नव्हती.

"निघा," मी म्हणाले.

तिनं फोन तोंडापासून दूर धरून गल्लीला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग माणसांचा गलका, कुणाचं तरी पोर रडतंय, दावी सुटलेल्या म्हशींचे पाय. फोन बंद करायचं ती विसरली होती. मला आता विचारायचं काही नव्हतं आणि सांगायचंही काही नव्हतं. थोड्या वेळानं हातगाडीच्या चाकांचा आवाज यायला लागला, फरशीवरून, मग चढाच्या खडीवरून. आत मीटिंग चालू होती. मी जिन्यातच बसले आणि ती वर पोचेपर्यंत फोन कानावरून काढला नाही.